आढीतल्या बाटल्या

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास फार्महाउसच्या फाटकाशी टेंपो येऊन थांबला, तेव्हा सहदेव आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या गोळा करत होता. मंगळवारी संध्याकाळी वारा असा सुटला होता की दहिवलीच्या पुढच्या रस्त्यावरचे विजेचे दोन खांब आडवे झाले होते. तेव्हापासून वीज नव्हती.

टेंपोवाल्याने थर्माकोलचे दोन मोठे खोके उतरवून फाटकाच्या आत ठेवले.

"सहदेव तुमीच ना? मोबाइलवर नंबर आला असंल, तो सांगा."

सहदेवने खिशातून मोबाइल काढला आणि नातीच्या हातात दिला. समीक्षा दहा वर्षांची होती. शाळेला सुट्टी लागल्यापासून ती आजी-आजोबांकडे राहत होती. तिने आलेला मेसेज उघडून चार आकडे मोठ्याने वाचले.

"आजोबा बियर मागवतात वाटतं?" टेंपोवाला हसून म्हणाला.

"मी? आरं, मी सुपारी पन खात नाय. मालकाची हाय."

"खोक्यावर तर तुमचं नाव हाय."

"नाव माझं, घसा त्याचा," सहदेव म्हणाला, आणि टेंपोवाला हसतच निघून गेला.

फार्महाउस मुंबईच्या नवीन नावाच्या माणसाचं होतं. सहदेव आणि त्याची बायको भागूबाई नऊ वर्षांपासून मागच्या दोन खोल्यांत राहून ते सांभाळत होती. आपली जमीन अशी त्यांना उरली नव्हती. घर म्हणाल तर तेच. शनिवार-रविवारी नवीन मित्रांना घेऊन यायचा. पूर्वी तो गाडीतून दुकानातली बियर आणायचा. गेल्या वर्षापासून मात्र त्याला नवा नाद लागला होता. छोट्या छोट्या कारखान्यांत थोडी थोडी बियर बनवतात आणि ती त्यांच्या वेबसाइटवरून थेट घरी मागवता येते, हे त्याला कळलं होतं. अडचण एवढीच होती की खोकी आठवड्याच्या मधल्या वारी यायची आणि ती घ्यायला त्या पत्त्यावर राहणारा माणूस लागायचा. त्याचं नाव, ओळखपत्र, मोबाइल नंबर. नवीनने सहदेवच्या आधार कार्डाचा फोटो काढून घेतला आणि वेबसाइटवर त्याच्याच नावाचं खातं उघडलं. सहदेवने हो म्हटलं. मालकाचं सामान घ्यायचं, त्यात विचारायचं काय?

"ही दुकानातली बियर नाही, काका," नवीनने तेव्हा त्याला समजावलं होतं. "दुकानातली उकळून मारलेली असते. ही जिवंत असते."

"जिवंत? चावत नाय ना?"

नवीनला ते इतकं आवडलं की त्याने ते सगळ्या मित्रांना सांगितलं होतं.

याआधी चार वेळा खोकी आली होती आणि चारही वेळा सहदेवने बाटल्या नीट मोजून मोठ्या घरातल्या फ्रिजमध्ये उभ्या केल्या होत्या. या वेळी त्याने खोकी उघडली तर आतल्या बर्फाच्या पिशव्या कोमट पाण्याच्या झाल्या होत्या. एका खोक्याचा कोपरा दबला होता आणि आतल्या बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. मागच्या खेपेला एक बाटली फुटली तेव्हा नवीन रागावला नव्हता, पण दोनदा विचारलं होतं. सहदेवच्या ते लक्षात होतं. त्याने सगळ्या बाटल्या बाहेर काढून ओट्यावर मांडल्या. जाड काचेच्या, तपकिरी रंगाच्या चोवीस बाटल्या. प्रत्येकीवर पिवळ्याधमक आंब्याचं चित्र.

"काय लिवलंय गं?" त्याने समीक्षाला विचारलं.

सहदेव चौथीत शाळा सोडलेला माणूस. इंग्रजी अक्षर त्याला येत नसे. समीक्षा बोट फिरवत, शब्द जोडत वाचायची आणि तो तिच्याकडे मोठ्या कौतुकाने बघायचा.

"मँगो... म्हंजे आंबा. आनि इथं खाली, कीप... कोल्ड. थंड ठेवा."

"शाबास. पन फ्रिज तर बंद. बंद फ्रिज म्हंजे नुसतं कपाट."

"आंब्याची हाय तर आंब्यातच ठेवा की," चुलीपुढून भागूबाई म्हणाली. "दोन सवती एका घरात."

तिने ते हसण्यावारी म्हटलं होतं, पण सहदेवला ते पटलं. पंपाच्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत त्याने आठ दिवसांपूर्वी आढी घातली होती. उन्हाळी भात नुकतंच झोडून झालं होतं, पेंढा ताजा होता. खाली पेंढ्याचा जाड थर, त्यावर आंबे, त्यावर पुन्हा पेंढा, असे तीन थर. बाटल्या पेंढ्यात खुपसल्या तर एकमेकींवर आपटणार नाहीत. आणि थंड म्हणाल तर बाजारात बर्फाची लादी भाताच्या भुशात पुरून ठेवतात, ती दिवसभर विरघळत नाही. भुसा आणि पेंढा एकाच भाताचे. बर्फ राहतो तर बाटली का राहणार नाही?

हा हिशोब चुकीचा होता, पण मूर्खपणाचा नव्हता. भुसा किंवा पेंढा काहीच थंड करत नाही. तो आहे ते अडवून धरतो. आत बर्फ असेल तर गारवा बाहेर जाऊ देत नाही, आत ऊब असेल तर ऊब. आणि पिकू घातलेला आंबा ऊब सोडतो. आढीत हात घातला की तो आतून कोमट लागतो, हे सहदेवला चाळीस वर्षांपासून माहीत होतं. फक्त त्या दिवशी ही गोष्ट त्या गोष्टीशेजारी ठेवून पाहायचं त्याला सुचलं नाही.

नवीननेही त्याला जिवंत म्हणजे काय ते कधी सांगितलं नव्हतं. अशा बियरमध्ये डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवलं की फुगून भांड्याबाहेर येतं, ते ज्यांच्यामुळे येतं त्यांच्याच जातीचे. ते साखर खातात आणि वायू सोडतात. गारठ्यात झोपून असतात. ऊब मिळाली की जागे होतात. त्या बाटल्यांत आंब्याचा रस घातलेला होता, म्हणजे खायला साखर भरपूर होती. पिठाला भांड्याबाहेर यायला वाट असते. बाटलीला घट्ट बूच होतं.

दुपारी नवीनचा फोन आला.

"काका, बाटल्या आल्या? थंड जागी ठेवल्या ना?"

"हो, हो. थंड जागी ठेवल्यात."

वीज नसल्याचं सहदेव बोलला नाही. शुक्रवारपर्यंत येईल असं वायरमन म्हणाला होता. उगीच मालकाच्या डोक्याला ताप कशाला?

गुरुवारी ऊन इतकं होतं की पंपाच्या खोलीचा पत्रा कडकड वाजत होता.

आढी हे सहदेवने समीक्षाला शिकवलेलं काम होतं. आंबा दाबून बघायचा नाही, दाबला की तिथे काळा पडतो. तो उचलून देठापाशी नाक न्यायचं. वास आला की बाजूला काढायचा, नाही तर जसा होता तसा, त्याच कुशीवर परत ठेवायचा. नासलेला एक जरी दिसला तरी लगेच बाहेर. सहदेव एखादी गोष्ट एकदा करून दाखवायचा आणि मग तीनदा तिच्याकडून करून घ्यायचा. चुकली तर ओरडायचा नाही, पुन्हा दाखवायचा. म्हणून समीक्षाला शाळेपेक्षा आजोबांनी, तिच्या आबांनी, शिकवलेलं जास्त आवडायचं. शुक्रवारी दुपारी जेवणाआधी ती एकटीच टोपली घेऊन आढी बघायला गेली.

सहदेव हौदातला पालापाचोळा काढत होता. त्याला आवाज ऐकू आला, पण तो मोठा नव्हता. फटाक्यासारखा नाही, ओला नारळ दगडावर आपटावा तसा. त्यामागून समीक्षाची हाकही आली नाही. तो धावत गेला तेव्हा ती पेंढ्यात बसली होती. तिचा फ्रॉक छातीपर्यंत भिजला होता आणि खोलीभर आंबलेल्या रसाचा वास होता. तिने उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला होता.

"आबा, मी बाटलीला हात नाय लावला," ती म्हणाली. "आंबाच उचलला. शपथ."

काचा जवळजवळ सगळ्या पेंढ्याने झेलल्या होत्या. समीक्षाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. फक्त उजव्या पापणीवर केसाइतकी बारीक रेघ आणि तिच्यातून आलेले रक्ताचे दोन थेंब. भागूबाईने पदराने डोळा पुसला, पाणी मारलं. डोळ्याचा पांढरा भाग कडेला लाल झाला होता.

"दिसतंय ना गं बाय?"

"दिसतंय. पन टोचतंय."

गाडीवरून कर्जतला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. निघण्याआधी सहदेवने नवीनला फोन लावला. त्याने तो का लावला, हे पुढे त्याला कितीदा तरी आठवून बघावं लागलं. मालकाची वस्तू फुटली की मालकाला कळवायचं, ही नऊ वर्षांची सवय होती. दुसरं काही नाही.

 नवीनने आधी विचारलं, "डोळा बरा आहे ना? दिसतंय ना तिला?"

"दिसतंय म्हंते. काच गेली का काय ते बघाया नेतो."

"न्या, लगेच न्या. फक्त एक ऐका, काका. तिथे बाटलीचं, काचेचं काही बोलू नका. डॉक्टरला पोलिसांत कळवावं लागतं. बियर म्हटलं की ते विचारणार कोणाची, परवाना कुठे. ऑर्डर तुमच्या नावावर आहे, आधार तुमचं आहे. लहान मुलगी होती तिथे. तुम्हालाच उचलतील हो, आणि मला इथून काही करता येणार नाही. रक्त आलंय ते थोडंच आहे ना? मग शेतातलं काहीतरी लागलं म्हणून सांगा."

त्याच्या आवाजात दम नव्हता. तो घाबरला होता, आणि म्हणूनच सहदेव जास्त घाबरला. शिकलेला, मुंबईचा माणूस घाबरतो म्हणजे त्यात तथ्य असणार.

गाडी फाटकातून बाहेर काढल्यावर सहदेवने ती शेवरीच्या झाडाखाली थांबवली. समीक्षा मागे आजीच्या आणि त्याच्या मधे बसली होती. त्याने मान वळवली.

"समू, डॉक्टरनी इचारलं तर काय सांगायचं? पेंढ्याची काडी लागली."

"पन आबा, बाटली..."

"बाटली नाय. काडी. आढी बघताना काडी लागली. बोल."

"आढी बघताना काडी लागली."

"परत."

तिने आणखी दोनदा म्हटलं. भागूबाई म्हणाली, "अवो, पोरीला कशापायी..." सहदेव म्हणाला, "तू गप. मला जेलात घालायचं हाय का?" आणि त्याने गाडी सुरू केली.

भाताच्या मुलखात याहून चांगलं खोटं सापडलं नसतं. झोडणीच्या दिवसांत डोळ्यात तूस गेलेली, पातं लागलेली, काडी टोचलेली माणसं रोज दवाखान्यात येतात. कर्जतचे डोळ्यांचे डॉक्टर म्हातारे, सावकाश काम करणारे होते. त्यांनी समीक्षाची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यात पिवळं औषध घातलं आणि बराच वेळ पाहिलं.

"काडीच ना? काच, दगड, लोखंड, असं उडून आलेलं काही नाही ना?"

"नाय," सहदेव म्हणाला.

"बाळ, तू सांग. काय लागलं?"

"आढी बघताना काडी लागली," समीक्षा म्हणाली. एक अक्षर चुकलं नाही.

"हुशार आहे." डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले. "उडून आलेलं असतं तर मी फोटो काढायला पनवेलला पाठवलं असतं. पांढऱ्या भागावर रक्त साकळलंय, त्याच्या खालचं नीट दिसत नाही. काडीला तेवढी गरज नाही. हे थेंब घाला. दुखणं वाढलं, अंधूक झालं, तर थांबू नका. लगेच आणा. काडीसुद्धा कधी कधी दगा देते."

सहदेवने मान हलवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याला हलकं वाटलं, आणि त्याने समीक्षाला कुल्फी घेऊन दिली. तिची आई, म्हणजे सहदेवची लेक हर्षला, साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम करायची, नवरा जितेशही तिथेच होता. संध्याकाळी पाळी सुटल्यावर तिचा फोन आला, तेव्हा सहदेवने तिलाही काडीच सांगितली. आता दुसरं सांगता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी वीज आली. दुपारी नवीन चार मित्रांना घेऊन आला. आधी मागच्या खोलीत येऊन त्याने समीक्षाला चॉकलेटचा डबा दिला.

"डॉक्टर काय म्हणाले, काका?"

"काडीचं औशध दिलं."

"बरं केलंत." त्याने सहदेवच्या खांद्यावर हात ठेवला. "खरंच बरं केलंत."

मित्रांनी पंपाच्या खोलीतून बाटल्या एकेक करून, टॉवेलात गुंडाळून बाहेर आणल्या आणि बर्फाच्या टबात घातल्या. आणखी दोन आढीतच फुटलेल्या निघाल्या. उरलेल्या संध्याकाळपर्यंत संपल्या. सहदेवने त्यांना कांदा कापून दिला.

समीक्षा मात्र त्या दुपारपासून अंथरुणातून उठली नाही.

"आबा, टोचतंय."

"थेंबानं चुरचुरतं. औशध लागलं की तसंच होतंय."

"थेंबानं नाय. आत टोचतंय."

भागूबाई दोनदा म्हणाली, चला, परत दाखवून आणू. सहदेव म्हणाला, पाहुणे गेले की जाऊ. खरं तर पाहुण्यांचा काही संबंध नव्हता. परत गेलं की डॉक्टर परत विचारणार, आणि आता खरं सांगितलं तर काल खोटं का बोललात हेही विचारणार. एक दिवस गेला म्हणजे खोटं एक दिवस जुनं झालं होतं आणि तेवढंच जड.

रविवारी सुट्टी म्हणून हर्षला सकाळीच लेकीला बघायला आली. तिने समीक्षाचा चेहरा उजेडाकडे वळवला. पापणी सुजून बंद झाली होती. तिने ती बोटाने अलगद उघडली. डोळ्याच्या काळ्या भागात खाली पांढरट साय जमली होती.

"समू, मी दिसते का?"

"उजेड दिसतो. तू नाय दिसत."

हर्षला बापाकडे वळली. "काडी लागली म्हनाला होता ना, बाबा? काडीनं असं होतं?"

"डॉक्टर म्हनालं, काडी पन दगा देते," सहदेव म्हणाला.

कर्जतच्या डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि एका मिनिटात चिठ्ठी लिहून दिली. जीप करून तिघं पनवेलच्या पुढच्या मोठ्या रुग्णालयात पोचली तेव्हा दुपार कलली होती. भागूबाई घरीच राहिली होती. वाटेत समीक्षा आईच्या मांडीवर डोकं ठेवून होती. खालापूरच्या फाट्यापाशी जीप वाहनांच्या रांगेत अडकली, आणि सहदेवने ठरवलं की आता सांगायचं. रुग्णालयात पोचलो की आधी तेच. त्याने वाक्यही जुळवलं: काडी नव्हती, बाटली होती.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. सुरभी नाव. त्यांनी डोळा तपासला, आधीची चिठ्ठी वाचली आणि हर्षला व सहदेवला समोर बसवलं. समीक्षा शेजारी पलंगावर होती.

"आत पू झालाय. मी घाबरवत नाही, पण मला एक नक्की कळायला हवं. भाताच्या काडीने झालं असेल तर बुरशी असू शकते, तिचं औषध वेगळं. आत काही घुसून बसलं असेल तर औषधाने भागणार नाही, लगेच ऑपरेशन. हे दोन वेगळे रस्ते आहेत. म्हणून पुन्हा विचारते. हे कशाने झालं?"

सहदेवने तोंड उघडलं. जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. पण हर्षला त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्यासमोर ते वाक्य म्हणजे नुसतं बाटलीचं राहत नव्हतं. शुक्रवारपासून मी तुझ्या लेकीच्या डोळ्याशी खोटं बोलतोय, असं ते होत होतं. 

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"आढी बघताना काडी लागली."

समीक्षाने ते तापाने कोरड्या पडलेल्या आवाजात म्हटलं, पण तेच, तसंच. आणि तिने चांगल्या डोळ्याने आबांकडे पाहिलं. नीट म्हटलं ना, असं विचारल्यासारखं. आंबा जसा होता तसा परत ठेवल्यावर ती पाहायची तसं.

"बरोबर, आजोबा?" डॉक्टर सुरभींनी विचारलं.

"हो," सहदेव म्हणाला.

संध्याकाळपासून बुरशीचं आणि जंतूंचं औषध सुरू झालं. दर तासाला नर्स येऊन थेंब घालत होती. सोमवारी सकाळी डोळा आणखी बिघडला होता. तेव्हा डॉक्टर सुरभींनी, काही असो, आत पाहूनच घेऊ म्हणून सोनोग्राफी केली आणि पडद्यावर डोळ्याच्या मागच्या बाजूला काहीतरी चमकताना दिसलं. दुपारी समीक्षाला ऑपरेशनला नेलं.

ते दोन तासांनी संपलं. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात झाकणाची छोटी डबी होती. आत तांदळाच्या कणीएवढा तपकिरी तुकडा होता.

"ही काच आहे," त्या म्हणाल्या. "काडी नाही."

हर्षला डबीकडे बघत राहिली. तिला काही कळलं नव्हतं. सहदेवने सगळं सांगितलं. टेंपो, वीज, आढी, बाटली, फोन, झाडाखाली थांबवलेली गाडी. पोरीकडून तीनदा म्हणवून घेतलेलं वाक्यसुद्धा. मधे कोणी त्याला अडवलं नाही.

"डोळा गेलाय," डॉक्टर सुरभी म्हणाल्या. "आकार राहील असं बघू, नजर येणार नाही."

"सुक्रवारी सांगितलं असतं तर?" हर्षलाने विचारलं.

"अशा जखमेचं नक्की कोणी सांगू शकत नाही."

"तरी पन."

"संधी होती," त्या म्हणाल्या. "चांगली होती. काल संध्याकाळीसुद्धा थोडी होती."

हर्षला रडली नाही, बापावर ओरडलीही नाही. ती बाकावर जाऊन बसली आणि जितेशला फोन लावला. "लगेच ये," एवढंच म्हणाली. मग सहदेव तिच्या शेजारी बसायला गेला, तेव्हा ती उठून दुसऱ्या बाकावर गेली.

काचेचा अपघात म्हणून रुग्णालयाने पोलीस चौकीत कळवलं. संध्याकाळी एक हवालदार आला. सहदेव उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात जोडले. ज्याच्यासाठी शुक्रवारपासून सगळं केलं, ते आता समोर आलं होतं.

हवालदाराने वहीत नाव, गाव, वय लिहिलं. बाटल्या कोणी मागवल्या ते विचारलं, नवीनचा नंबर घेतला.

"नाव माझंच हाय, साहेब. आधार पन माझं."

"ते लिहिलं मी."

"मला नेनार का?"

"कुठे?" हवालदाराने वहीतून वर पाहिलं. "आजोबा, आंब्यात बाटल्या ठेवल्या म्हणून तुम्हाला नेऊ? मालकाला बोलावतील, त्याचा जबाब घेतील. बाटल्यांचं काय ते उत्पादन शुल्कवाले बघतील. फार तर तुमचाही एक जबाब." त्याने वही मिटली. "शुक्रवारी सांगितलं असतं तरी मी एवढंच लिहिलं असतं."

नवीनला सहदेवने त्या दिवशी तीन वेळा फोन लावला. तिन्ही वेळा वाजून बंद झाला. चौथ्यांदा त्याने लावला नाही. मागच्या दोन खोल्या आता राहतील की जातील, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता, पण त्यात काही जीव उरला नव्हता.

मंगळवारी दुपारी जितेश औषधं आणायला खाली गेला होता आणि हर्षला नर्सबरोबर कागदावर सही करायला. सहदेव दोन दिवस दाराबाहेरच बसून होता. आत कोणी नाही असं बघून तो पलंगाजवळच्या स्टुलावर येऊन बसला. समीक्षाच्या अर्ध्या चेहऱ्यावर जाड पट्टी होती. ताप उतरला होता. डोळ्याचं तिला सकाळी आईने सांगितलं होतं.

"आबा," ती म्हणाली.

"काय गं?"

"आता कुनी इचारलं तर काय सांगायचं?"

सहदेवने स्टूल आणखी जवळ सरकवलं. मग तो तिला पहिल्यापासून सांगायला लागला, नेहमी एखादं काम शिकवताना सांगायचा तसं, एकेक पायरी. टेंपो आला. बाटल्या मी आढीत ठेवल्या, तू नाही. तुझी काही चूक नव्हती. तू आंबा उचललास, शेजारची बाटली फुटली. काच उडाली ती तुझ्या डोळ्यात गेली. खोटं मी बोललो, आणि तुला बोलायला लावलं.

समीक्षाने ते सगळं ऐकून घेतलं.

"मला माहीत हाय, आबा," ती म्हणाली. "मी तितंच होते ना."

मग तिने उशीवर मान खिडकीकडे फिरवली. पट्टीची बाजू सहदेवकडे राहिली.